जुनी टर्बो गाडी: मोठा टर्बो घेण्याआधी काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा: १९९०च्या सुमाराची, दोन लिटर, चार सिलिंडरची पेट्रोल टर्बो गाडी सात-आठ वर्षं उभी होती. आता ती सुरू होते, पण बराच वेळ आयडलवर ठेवून ॲक्सिलरेटर दाबला की निळा धूर सोडते. कंपनीने दिलेला बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) ०.७ बार आहे, प्रत्यक्षात काटा ०.४च्या पुढे सरकत नाही. टर्बो गेला असं समजून मोठा टर्बो बसवायचा आणि बूस्ट १ बारवर न्यायचा असा बेत आहे. कोणता टर्बो घ्यावा आणि इंजिन ते सोसेल का?

टर्बो अजून घेऊ नका. तुम्ही दिलेल्या दोन लक्षणांवरून टर्बो खराब आहे असं सिद्ध होत नाही. उलट, ०.४ हा आकडाच बरंच काही सांगतो.

त्या काळातल्या अनेक गाड्यांत वेस्टगेटची (टर्बो फिरवणारा एक्झॉस्ट बाजूला सोडणाऱ्या झडपेची) स्प्रिंग कमी दाबावर उघडेल अशीच ठेवलेली असते, साधारण ०.३ ते ०.४ बार. त्याच्या वरचा बूस्ट कंट्रोल व्हॉल्व देतो. वेस्टगेटच्या ॲक्चुएटरकडे (तो उघडणाऱ्या डबीकडे) जाणाऱ्या हवेतला काही भाग तो बाजूला सोडतो, त्यामुळे वेस्टगेट उशिरा उघडतो आणि बूस्ट चढतो. हा व्हॉल्व अडकला, त्याची वायर तुटली किंवा ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) मुद्दाम त्याला बंद ठेवलं, की गाडी स्प्रिंगच्या बूस्टवरच चालते. साब या स्वीडिश कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एपीसी नावाची यंत्रणा आणली, तिचं काम असंच चालायचं: इंजिनवरच्या सेन्सरला नॉकिंग (सिलिंडरमधलं मिश्रण स्वतःहून भडकणं) ऐकू आलं की बूस्ट आपोआप खाली. म्हणून आधी काटा नीट बघा. बूस्ट झटकन ०.४ला पोचून तिथेच ठाम राहत असेल तर टर्बो काम करतोय, बूस्ट कंट्रोल काम करत नाही. उशिरा, रडतखडत चढून डळमळत असेल तर लीकेज किंवा पूर्ण न मिटणारी वेस्टगेटची झडप. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्हींवर नवा टर्बो हा इलाज नाही.

धुराचंही तसंच. टर्बोच्या शाफ्टला रबरी सील नसतं. पिस्टन रिंगसारखी बारीक रिंग असते, आणि ऑइल आत राहतं ते मुख्यतः दाबातल्या फरकामुळे. बेअरिंगमधून गेलेलं ऑइल फेसाळत, फक्त स्वतःच्या वजनाने खाली सम्पमध्ये (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तिथे) उतरतं. त्या परतीच्या पाइपला चीर गेली, तो दबला, आत जुनं ऑइल जळून कोळसा झाला किंवा गॅसकेटवर चोपडलेलं सिलिकॉन आत फुगलं, की ऑइल साचतं आणि टर्बाइनच्या (एक्झॉस्टवर फिरणाऱ्या चाकाच्या) बाजूने एक्झॉस्टमध्ये जातं. क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारा मार्ग) चोकअप झाला असेल तरी हेच होतं, कारण आतल्या दाबामुळे ऑइल खाली उतरायलाच तयार नसतं. सुस्थितीतले कितीतरी टर्बो केवळ तुंबलेल्या ब्रीदरपायी बदलले जातात, आणि नवाही महिन्याभरात धूर मारू लागतो. ब्रीदरचे सगळे पाइप काढून साफ करा, कडक झाले असतील तर बदला. हा खर्च क्षुल्लक आहे.

टर्बो तपासायचाच तर इंजिन थंड असताना इनटेकचा पाइप काढा आणि शाफ्टचं टोक बोटांत धरा. आडवा थोडा प्ले असणारच. जुन्या पद्धतीच्या बेअरिंगमध्ये शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगतो, आणि इंजिन बंद असताना तो थर नसतो. आडवं दाबून फिरवल्यावर पाती हाउसिंगला घासत असतील तर मात्र काम आहे. पुढे-मागे ओढून बघा. तिकडे प्ले बोटांना जेमतेम जाणवावा, खटखट लागता कामा नये. पात्यांच्या कडा खाल्लेल्या आहेत का तेही पाहा. इंटरकूलरच्या (टर्बोनंतर हवा थंड करणाऱ्या रेडिएटरच्या) पाइपात ऑइलचा पातळ थर असणं सामान्य आहे, तळं साचलेलं असणं नाही.

एवढं पास झालं तर टर्बो ठेवा. नापास झाला तरी मूळ हाउसिंग टाकू नका. मधला कार्ट्रिज (शाफ्ट आणि बेअरिंगचा भाग) बदलून किंवा ओव्हरहॉल करून आणा, आणि फिरणारे भाग बॅलन्स केल्याचा रिपोर्ट मागा. हा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. बॅलन्सिंगशिवाय केलेलं ओव्हरहॉल म्हणजे पैसे पाण्यात.

आता लीकेज. टर्बोच्या तोंडावर बसेल असं बूच घ्या, त्यात टायरचा व्हॉल्व बसवा आणि रेग्युलेटरमधून हवा भरा. ब्रीदरचा इनटेककडे येणारा पाइप आधी बंद करा आणि ऑइल भरायचं झाकण सैल ठेवा, नाहीतर क्रँककेसमध्ये दाब साचून ऑइल सील बाहेर येतील. दाब ०.७ बारच्या पुढे नेऊ नका. मग साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक जोड, इंजेक्टरच्या रबरी रिंगा, थ्रॉटलचा शाफ्ट, इंटरकूलरचे कोपरे आणि डम्प व्हॉल्व (ॲक्सिलरेटर सोडल्यावर बूस्ट बाहेर सोडणारा) तपासा. ऑइलच्या झाकणातून आणि एक्झॉस्टमधून थोडी फुसफुस ऐकू येईल, ती उघड्या व्हॉल्वमधून आणि रिंगांजवळून जाणारी हवा, तिच्याकडे दुर्लक्ष करा. तीस वर्षांच्या गाडीत एकही लीक सापडला नाही तर मी बूच पुन्हा बसवून बघेन.

तुमच्या गाडीत एअरफ्लो मीटर (आत जाणारी हवा मोजणारा) असेल तर लीकेजने बूस्ट कमी होतोच, शिवाय मिश्रणही बिघडतं. बूस्टमध्ये मीटरने मोजलेली हवा बाहेर निसटते, पण पेट्रोल मोजलेल्या हवेच्या हिशोबाने पडतं, म्हणून गाडी रिच (पेट्रोल जास्त) होते आणि काळा धूर मारते. तोच लीक थ्रॉटलच्या पुढे, इनटेक मॅनिफोल्डवर असेल, तर आयडलला न मोजलेली हवा आत ओढली जाते आणि गाडी लीन (पेट्रोल कमी) होऊन हेलकावे खाते. दाबाच्या सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत हा घोळ होत नाही, तिथे टर्बोला फक्त जास्त राबावं लागतं.

व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या एकेक तपासत बसू नका, सगळ्या बदला. एकावेळी एक काढायची आणि तिथे नवी लावायची, म्हणजे अदलाबदल होत नाही. वेस्टगेटच्या ॲक्चुएटरची नळी सर्वात महत्त्वाची. ती निसटली की वेस्टगेट उघडतच नाही आणि बूस्टला वर थांबवणारं काही उरत नाही. तिला दोन्ही टोकांना क्लॅम्प हवा. ॲक्चुएटर हातपंपाने तपासा: दांडा किती दाबाला हलायला लागतो, आणि डायफ्रॅम दाब धरून ठेवतो का.

हे सगळं करण्याआधी, खरं तर पुन्हा सुरू करण्याआधीच, टायमिंग बेल्ट बघा. बेल्ट असलेलं इंजिन असेल तर किलोमीटर किती झाले हा प्रश्नच नाही. उभ्या गाडीत रबर वयाने मरतं. बेल्ट, टेन्शनर, जमलं तर वॉटर पंपही एकदमच बदला. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, टाकीत गंज आहे का बघा, पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल चालणाऱ्या नळ्यांनी बदला. ऑइल आणि फिल्टर बदला, पण इंजिन फ्लशच्या नादी लागू नका. वर्षानुवर्षं चिकटलेला मळ एकदम सुटला की तो टर्बोला ऑइल देणाऱ्या बारीक नळीत जाऊन बसतो. चांगलं ऑइल घालून थोड्या अंतरावर दोनदा बदला, मळ सावकाश निघेल. टर्बोच्या फीड नळीच्या बोल्टमध्ये काही गाड्यांत जाळी असते, ती काढून पाहा. आणि पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढून, पेट्रोल व इग्निशन बंद ठेवून, ऑइलचा दाब येईपर्यंत स्टार्टरने इंजिन फिरवा.

मग कम्प्रेशन टेस्ट: इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. मूळ आकड्यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर लीकडाउन टेस्ट करून, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून, ती हवा कुठून जाते ते ऐका. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅसकेट. इथे गडबड निघाली तर ट्यूनिंगचा विषय बंद, आधी इंजिन उघडा.

समजा हे सगळं झालं आणि गाडी ०.७ बार प्रामाणिकपणे देतेय. बहुतेकांना इथेच कळतं की ज्या गाडीला ते मठ्ठ म्हणत होते ती मुळात मठ्ठ नव्हतीच. तरीही १ बार हवाच असेल, तर हिशोब असा आहे.

बाहेरचं तापमान ३० अंश धरू. ०.७ बार बूस्ट म्हणजे हवा १.७ पट दाबायची. कॉम्प्रेसरची (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या चाकाची) कार्यक्षमता ६५ टक्के असेल तर बाहेर पडणारी हवा सुमारे १०५ अंशांना पोचते. १ बारला, म्हणजे दुप्पट दाबाला, छोटा मूळ टर्बो वरच्या आरपीएमला त्याच्या सोयीच्या पट्ट्याबाहेर जातो, कार्यक्षमता ५५ टक्क्यांवर येऊ शकते, आणि हवा १५० अंशांना जाते. गरम हवा विरळ असते. म्हणून इंटरकूलर नसेल तर पहिल्या स्थितीत सिलिंडरकडे जाणारी हवा साध्या हवेच्या १.३६ पट घन, दुसरीत १.४३ पट. बूस्टचा काटा ०.३ बार वर गेला, हवा वाढली जेमतेम ५ टक्के, आणि इंजिनच्या गळ्यात ४५ अंशांची जास्तीची उष्णता मारली. ७० टक्के काम करणारा इंटरकूलर मध्ये घातला तर हेच आकडे १.५८ आणि १.७९ होतात. म्हणजे त्याच टर्बोवर, ०.७ बारलाच, निव्वळ चांगल्या इंटरकूलरने मिळणारी हवा ही इंटरकूलरशिवाय १ बारला मिळणाऱ्या हवेपेक्षा जास्त आहे.

बूस्ट गेज बघून गाडी ट्यून करणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते याचसाठी. गेज दाब दाखवतं, हवा किती गेली ते नाही. पहिला खर्च इंटरकूलरवर करा, दुसरा एक्झॉस्टवर. टर्बोनंतरचा पाइप मोठा आणि मोकळा केला की टर्बाइनच्या पुढे-मागे दाबाचा फरक वाढतो आणि टर्बो लवकर जागा होतो. फक्त एक सांभाळा: एक्झॉस्ट मोकळा झाल्यावर लहान वेस्टगेटला गॅस पुरेसा बाजूला सोडता येत नाही, आणि वरच्या आरपीएमला बूस्ट आपोआप चढत जातो. कंट्रोल व्हॉल्व काढून नुसत्या स्प्रिंगवर चालवून बघा, तेव्हाही बूस्ट चढत असेल तर वेस्टगेटचं भोक मोठं करावं लागेल. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उघडला आहेच तर त्याला तडे आहेत का आणि त्याची बैठक सरळ आहे का तेही बघून घ्या. स्टड तुटणार हे गृहीत धरा. आदल्या दिवशीपासून तेल मुरवा, गरम करून सोडा.

उष्णतेचा प्रश्न टर्बो गाड्यांच्या पहिल्या दिवसापासूनचा आहे. १९६२ची ओल्ड्समोबिल जेटफायर ही पहिल्या प्रवासी टर्बो गाड्यांपैकी एक. तिचं कम्प्रेशन १०.२५:१ इतकं होतं, म्हणून नॉकिंग टाळायला कंपनीने डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारायची सोय दिली होती, त्यासाठी वेगळी टाकी होती. लोक ती भरायला विसरायचे. टाकी रिकामी झाली की बूस्ट कमी करणारी यंत्रणा होती, मग गिऱ्हाईक तक्रार करायचं की गाडी ओढत नाही. शेवटी अनेक गाड्यांवरचे टर्बो काढूनच टाकले गेले.

पेट्रोलचा हिशोब सोपा आहे. टर्बो पेट्रोल इंजिनाला पूर्ण जोरात प्रत्येक अश्वशक्तीमागे मिनिटाला सुमारे ६.३ सीसी पेट्रोल लागतं. २०० अश्वशक्ती हवी तर १२६० सीसी. चार इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकी ३१५, आणि इंजेक्टर ८५ टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून ३७० सीसीचे हवेत. मूळ इंजेक्टर ३०० सीसीच्या आसपासचे असतील तर ते १६० अश्वशक्तीलाच दमतात. तीस वर्षांचे असतील तर आधी अल्ट्रासॉनिक क्लीनिंग आणि फ्लो टेस्ट. चारांतला एक जरी १० टक्के कमी देत असेल, तरी तो सिलिंडर लीन चालतो, आणि एक्झॉस्टमधला सेन्सर चौघांची सरासरी दाखवून सगळं आलबेल असल्याचं सांगतो. पिस्टन मात्र सरासरीने वितळत नाही.

पंप मोजताना बूस्टचा दाब विसरू नका. पेट्रोलचा प्रेशर रेग्युलेटर इनटेक मॅनिफोल्डला जोडलेला असतो, त्यामुळे ३ बारच्या रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीत) १ बार बूस्टला ४ बार दाब हवा. दाब वाढला की पंप कमी पेट्रोल देतो. २०० अश्वशक्तीला ताशी ७६ लिटर लागतात, तर ४ बारला निदान १०० लिटर देणारा पंप हवा, आणि तोही पंपाच्या टर्मिनलवर पूर्ण व्होल्टेज पोचत असेल तर. जुन्या वायरिंगमध्ये एक-दीड व्होल्ट वाटेतच हरवतो. नवी जाड वायर आणि स्वतंत्र रिले टाका.

इग्निशनमध्ये प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे), गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर. दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि जुनी कॉइल तिथेच आचके देते. कॉइल, वायर, कॅप, रोटर नवे असू द्या.

मग ईसीयू. मूळ चिपचं मॅपिंग (पेट्रोल आणि ठिणगीच्या वेळेचं कोष्टक) मिळत असेल आणि मीटर, इंजेक्टर जागेवर असतील तर तेवढंच पुरे. त्यापुढे जायचं तर स्वतंत्र ईसीयू, मेगास्क्वर्टसारखा स्वतः जोडायचा किंवा तयार, ज्यात पेट्रोल आणि ठिणगीचं टायमिंग दोन्ही तुमच्या हातात असतील. सेन्सरला खोटं बोलून पेट्रोल वाढवणाऱ्या मधल्या डब्यांवर माझा विश्वास नाही. त्यांतले कित्येक पेट्रोलला फसवताना टायमिंगही पुढे ढकलतात. वाइडबँड लॅम्ब्डाशिवाय (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरशिवाय) बूस्ट हलवू नका. पंपावरच्या पेट्रोलवर पूर्ण बूस्टला हवा-पेट्रोलचं प्रमाण मी ११.५ ते १२ ठेवतो. टायमिंगची सुरुवात मागे ठेवून, एकेक अंश पुढे आणत, ताकद वाढायची थांबली की तिथून दोन अंश मागे. नॉकिंग कानाने, म्हणजे ब्लॉकला लावलेल्या मायक्रोफोनवर हेडफोन लावून ऐका. केबिनमध्ये ऐकू यायला लागलं तेव्हा उशीर झालेला असतो.

बूस्ट ठरावीक मर्यादेच्या वर गेला की पेट्रोल तोडणारा प्रेशर स्विच तुमच्या गाडीत असेल. तो 'बायपास' करायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. ऐकू नका. मर्यादा वाढवायची असेल तर नव्या बूस्टच्या ०.१५ ते ०.२ बार वर ती पुन्हा लावा, काढू नका. नळी निसटलेल्या दिवशी तुमच्या पिस्टनच्या रिंगांमधला धातू तोच वाचवणार आहे. या वयाच्या इंजिनात पिस्टन बहुधा ओतीव असतात. ते दाब बऱ्यापैकी सहन करतात, नॉकिंग अजिबात नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: इंजिन सुदृढ निघालं, इंटरकूलर मोठा, एक्झॉस्ट मोकळा, इंजेक्टर-पंप पुरेसे आणि मॅपिंग नीट, तर मूळ टर्बोवर ०.९ बार मी देईन. तोही मधल्या पट्ट्यात; वरच्या आरपीएमला टर्बो दमतो तिथे ०.७-०.७५ला उतरवून. गाडी चालवायला ती सगळ्या आरपीएमला सरसकट १ बार लावलेल्या गाडीपेक्षा जास्त गोड लागते. त्याहून जास्त हवं असेल तेव्हा टर्बो बदला, आणि तोही थोडासाच मोठा. फार मोठा टर्बो घेतला तर चार हजार आरपीएमपर्यंत काहीच होत नाही, आणि मग एकदम सगळं होतं. रस्त्यावर त्याचा उपयोग नाही, क्लच आणि गिअरबॉक्सला मात्र तो धक्का रोज बसतो. साब ९००सारख्या गाड्यांत इंजिनाआधी गिअरबॉक्सच हात टेकतो.

ब्रेक या सगळ्याच्या आधी. रबरी ब्रेक होज बाहेरून ठीक दिसतात आणि आतून सुजलेले असतात. ते, ब्रेक ऑइल, अडकलेले कॅलिपर आणि टायर बदलल्याशिवाय एकही जोरदार फेरी मारू नका. टायरची नक्षी नाही, बाजूवर छापलेला उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष बघा.

लॉगिंगची (सेन्सरचे आकडे नोंदवण्याची) पहिली फेरी तिसऱ्या गिअरमध्ये, मोकळ्या बंद जागेत किंवा डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) घ्या, २५०० आरपीएमपासून पूर्ण थ्रॉटल. एअर-फ्युएल १२.५च्या वर गेलं की लगेच पाय काढा. इनटेकचं तापमान, रेलचा दाब आणि बूस्ट एकाच लॉगमध्ये घ्या. रेलमधून बूस्ट वजा केल्यावर उरणारा दाब पूर्ण फेरीत स्थिर असायला हवा. वरच्या आरपीएमला तो घसरत असेल तर पंप किंवा फिल्टर, आणि तोपर्यंत बूस्टला हात लावायचा नाही. फेरी संपली की दोन मिनिटं हळू चालवून टर्बो थंड करा, मग इंजिन बंद करून प्लग काढून बघा. पोर्सिलेनवर बारीक काळे किंवा चकाकणारे ठिपके दिसले तर ते पिस्टनवरून उडालेलं ॲल्युमिनियम असतं. टायमिंग तीन अंश मागे घ्या आणि त्या सिलिंडरचा इंजेक्टर पुन्हा तपासा.